संगणकातल्या दप्तराला धनी हवा

दक्षिण कोरियातल्या डेजॉन शहरात २६ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली आणि शेकडो सरकारी सेवा एका फटक्यात बंद पडल्या. टपालापासून ओळखपत्रापर्यंत लोकांची रोजची कामे खोळंबली. बहुतेक सेवा पुढे हळूहळू सुरू झाल्या. कायमची गेली ती ‘जी-ड्राइव्ह’ नावाची साठवण. सरकारी नोकरांनी कामाची कागदपत्रे एकत्र ठेवावीत म्हणून माणशी ३० जीबी जागा देणारी ही सोय होती. तिथे साठलेला ८५८ टेराबाइट मजकूर नष्ट झाला आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती. पसाराच एवढा मोठा होता की बॅकअप घेणे जमत नव्हते, असे कारण देण्यात आले. त्या बातमीतला एक तपशील मात्र फारसा चर्चेत आला नाही. मंजूर झालेले अहवाल आणि अधिकृत कागदपत्रे वेगळ्या कार्यालयीन प्रणालीतही नोंदवली जात असल्याने ती परत मिळवता येतील, असे तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले होते. ज्या कागदाला कोणीतरी अभिलेख ठरवून वेगळ्या जागी लावले, तो वाचण्याची आशा होती. जो नुसता ‘सेव्ह’ केला होता, तो गेला.

आपल्याकडे हा धडा उलट्या बाजूने गिरवला गेला. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यापासून वरचे मजले जळाले, पाच जणांचा जीव गेला आणि नस्त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे राख झाले. त्यावरून सर्वांनी काढलेला निष्कर्ष सरळ होता: कागद जळतो, तेव्हा कागद संगणकात टाका. स्कॅनिंगची कंत्राटे निघाली, ई-ऑफिसचा आग्रह वाढला, आणि आता तर टिपणीपासून आदेशापर्यंत सगळा प्रवास पडद्यावर होऊ लागला आहे. यात चूक काहीच नाही. नस्ती कोणत्या टेबलावर अडली आहे हे कळू लागले, हा काही लहान फायदा नव्हे. पण कागद संगणकात गेला की तो सुरक्षित झाला, ही समजूत खोटी आहे. सरकारी खाते असो, बँक असो, कारखाना असो की गृहनिर्माण सोसायटी, इलेक्ट्रॉनिक नोंदी टिकायच्या असतील तर त्यांना सर्व्हरच्या आधी जबाबदार धनी लागतो. काय ठेवायचे, किती वर्षे ठेवायचे, त्यात बदल कोणी करायचा आणि काय कधी नष्ट करायचे, हे ठरवून त्याखाली सही करणारा माणूस लागतो. आज बहुतेक संस्थांमध्ये तोच नाही.

जुन्या कचेरीची टिंगल करणे सोपे आहे. पण अभिलेख कक्षातल्या त्या फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यामागे एक शिस्त होती, आणि ती बरीच विचारपूर्वक घडवलेली होती. महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत आजही सहा गठ्ठा पद्धत शिकवली जाते. कारकुनाच्या टेबलावरचे कागद चालू प्रकरणे, उत्तराच्या प्रतीक्षेतली प्रकरणे, नियतकालिक विवरणे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे कागद अशा गठ्ठ्यांत लावायचे. प्रकरण निकाली निघाले की त्यावर वर्ग पडतो. ‘अ’ म्हणजे कायम जपायचे, ‘ब’ म्हणजे तीस वर्षे, ‘क’ म्हणजे दहा, ‘क-१’ म्हणजे पाच आणि ‘ड’ म्हणजे एक वर्ष. कक्षात जाताना यादी होते, घेणारा सही करतो, काढून नेणाऱ्याची नोंद राहते. ही पद्धत सगळीकडे इमानाने पाळली गेली असे कोणी म्हणणार नाही. पावसाळ्यात गळणारी छपरे आणि वाळवी यांनी किती दप्तरे खाल्ली याला हिशेब नाही. तरीही कागद हरवला तर विचारायचे कोणाला, हे ठाऊक होते. आता त्याच कार्यालयातल्या संगणकाचा डेस्कटॉप पाहा. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल साहेब करेक्शन’ आणि ‘फायनल २’ अशा चार फायली शेजारी-शेजारी असतात. त्यातली सही झालेली कोणती, हे फक्त एकाला माहीत असते आणि त्याची बदली झालेली असते. निम्मे निर्णय तर तिथेही नसतात. वरिष्ठांची सूचना व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येते, ‘नोटेड सर’ असे उत्तर जाते, काम होऊन जाते. वर्षभराने फोन बदलला की त्या निर्णयाचा मागमूस उरत नाही. अशा कामाची चौकशी लागली की सगळे कानावर हात ठेवतात आणि त्यांना खोटे पाडणारा कागदच नसतो.

कायद्याला हे कळत नाही असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या सातव्या कलमाने इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जपलेल्या नोंदीसाठी तीन अटी घातल्या. ती पुढे कधीही वापरता आली पाहिजे. ती मूळ स्वरूपात, किंवा मुळाशी तंतोतंत जुळते हे दाखवता येईल अशा स्वरूपात असली पाहिजे. आणि ती कोणाकडून आली, कोणाला गेली, कोणत्या दिवशी व वेळी, हा तपशील तिच्यासोबत राहिला पाहिजे. वाचायला साध्या वाटणाऱ्या या अटी मराठी कार्यालयाला लावून पाहिल्या तर पहिल्याच अटीला आपण अडखळतो. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या काळात मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, सुरेख अशा फॉन्टमध्ये टाइप झाला. त्या फायलींत मराठी अक्षरे मुळात साठवलेलीच नाहीत. साठवलेले आहेत ते इंग्रजी अक्षरांचे व चिन्हांचे संकेतांक. त्यांच्यावर देवनागरीचे मुखवटे चढवण्याचे काम तो विशिष्ट फॉन्ट करत असे. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की ठराव, इतिवृत्त, ज्येष्ठता यादी सगळे रोमन अक्षरांच्या रांगोळीत बदलते. शोध चालत नाही. रूपांतर करणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार यांत ती हमखास घोळ घालतात, आणि एखाद्याच्या आडनावातला रफार सरकला तर वारसाच्या प्रकरणात तो फरक जड जातो. आग लागली नाही, पूर आला नाही, फाइल जागच्या जागी आहे, बॅकअपही आहे. तरी पंचवीस वर्षांत ती वाचता येईनाशी झाली. या फायलींचे रूपांतर कोणी करायचे आणि रूपांतरित मजकूर मुळाबरहुकूम असल्याची सही कोणी करायची, हे आजवर किती संस्थांनी ठरवले आहे? संगणक पुरवठादाराला यात रस नाही, आणि आस्थापना शाखेला हा संगणकाचा प्रश्न वाटतो.

धनी नसल्याची किंमत न्यायालयात कशी मोजावी लागते, याचे उदाहरण जालन्याचे आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचे उमेदवारी अर्ज मुदत टळल्यावर दाखल झाले, असा आक्षेप पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी घेतला. पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा. तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या ६५ब कलमानुसार अशा नोंदीसोबत तिचे यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचे प्रमाणपत्र लागे. चित्रीकरण सरकारचे, यंत्रणा सरकारची, पण वारंवार मागूनही ते प्रमाणपत्र मिळाले नाही. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने प्रमाणपत्र सक्तीचे असल्याचे पुन्हा स्पष्ट केले, आणि शक्य ते सगळे करूनही ज्याला ते मिळत नाही त्याचा मार्ग मोकळा ठेवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने ही अट आणखी घट्ट केली. ६३ व्या कलमाखालच्या प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत, एक नोंद सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलची हॅश किंमतही लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरातून गणिताने काढलेली संकेतसंख्या; एक स्वल्पविराम बदलला तरी ती बदलते. थोडक्यात, नोंद कुठे जन्मली, कोणाच्या ताब्यात होती आणि मध्ये तिला कोणी हात लावला नाही, हे सांगणारा माणूस नसेल तर आपली खरी नोंदही कोर्टात लंगडी पडते.

हात लावण्याचा मुद्दा तर मला हरवण्यापेक्षाही गंभीर वाटतो. कागदावर खाडाखोड केली की डाग राहतो. संगणकात राहत नाही, जर तो राहावा अशी सोय कोणी मुद्दाम केली नसेल तर. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून ‘होरायझन’ ही हिशेबाची प्रणाली आणली. तिच्यातल्या दोषांमुळे शाखांच्या हिशेबात खोट्या तुटी दिसू लागल्या, आणि त्या आकड्यांच्या जोरावर नऊशेहून अधिक शाखाचालकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवले गेले. शाखेच्या हिशेबात बाहेरून कोणी बदल करू शकत नाही, असे पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षे सांगत राहिले; तो बदल दुरून करता येत होता, हे २०१९ च्या निकालात सिद्ध झाले. यांतल्या शेकडो जणांची शिक्षा सरसकट रद्द करायला संसदेला २०२४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. आपल्या कंपनी कायद्याखालच्या नियमांनी हा धोका ओळखलेला दिसतो. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची तारीखवार नोंद राहिलीच पाहिजे, ती बंद करता येता कामा नये. हिशेबवह्यांचा बॅकअपही रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर गेला पाहिजे. सहकारी पतसंस्थेला किंवा शिक्षणसंस्थेला हा नियम लागू नाही, कारण त्या कंपन्या नाहीत. ठेवीदाराच्या पैशाला मात्र हा फरक कळत नाही. सातबाऱ्याच्या संगणकीकरणात गावोगावी चावडी वाचन घ्यावे लागले, हस्तलिखित उताऱ्याशी ताळा करून क्षेत्राच्या आणि नावांच्या चुका दुरुस्त कराव्या लागल्या. ते शक्य झाले कारण ताळा घ्यायला तलाठ्याकडे जुना कागद होता. ज्या नोंदी जन्मतःच संगणकात होत आहेत, त्यांचा ताळा कशाशी घ्यायचा? फेरफाराचा इतिहास हाच तिथे एकमेव साक्षीदार उरतो.

यावर पहिला आक्षेप संगणक विभागाकडून येतो: आमचा बॅकअप आहे, क्लाउड आहे, काळजी नसावी. बॅकअपचे महत्त्व कोणी नाकारू नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला, पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट मजकूर हल्लेखोरांनी कुलूपबंद केला, बाह्यरुग्ण विभाग कितीतरी दिवस हाताने लिहून चालवावा लागला; आणि ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला तो हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरवरूनच. पण बॅकअप नक्कल करतो, निवड करत नाही. चुकीची फाइल असेल तर चुकीची नक्कल होते. कोणी जाणूनबुजून नोंद पुसली तर काही आठवड्यांनी, जुन्या नकलांवर नव्या चढल्या की, पुसलेपणाचीही नक्कल होते. कोणी काय केले हे दाखवणाऱ्या संगणकीय लॉगचेही असेच. देशाच्या सायबर सुरक्षेची नोडल संस्था असलेल्या सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये ते किमान १८० दिवस ठेवण्याचे बंधन घातले. हल्ल्याच्या तपासाला ती मुदत ठीक आहे. ‘ब’ वर्गाचे प्रकरण मात्र तीस वर्षे जपायचे असते. त्या प्रकरणातला फेरफार सातव्या महिन्यात उघडकीला आला तर काय करायचे, याचे उत्तर संगणक विभागाकडे नसते, आणि असावे अशी अपेक्षाही चुकीची आहे. कुलूप बनवणाऱ्याने तिजोरीत काय ठेवायचे हे ठरवायचे नसते.

दुसरा आक्षेप जास्त मोहक आहे. साठवण आता स्वस्त झाली, मग वर्गवारीची उस्तवार कशाला, सगळेच ठेवा. कोरियातल्या त्या ८५८ टेराबाइटचा बॅकअप का झाला नाही, याचे कारण इथे आठवावे. सगळेच ठेवले की कशाचीच धड काळजी घेता येत नाही. शिवाय आता सगळे ठेवणे हाच दोष ठरू शकतो. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातली बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले आणि दुसरा कोणताही कायदा ती ठेवायला सांगत नसेल, तर ती पुसून टाकावी, असे त्याचे तत्त्व आहे. दहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी अर्ज केलेल्या उमेदवाराच्या आधारकार्डाची छायाप्रत एखाद्या ईमेलच्या तळाशी पडून असेल, तर ती चोरीला गेल्यावर संस्थेकडे सांगण्यासारखे काही नसेल. तेव्हा वेळेवर आणि लेखी आदेशाने नष्ट करणे हा जपण्याचाच भाग आहे. नष्ट केल्याची यादी, तारीख, अधिकार आणि सही असेल तर कागद नसण्याला कारण असते. ती नसेल तर कागद ‘गहाळ’ असतो. मुंबईतल्या आदर्श गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात नगरविकास विभागाच्या नस्तीतली पाने बेपत्ता झाल्याचे आढळले आणि त्याचा वेगळा तपास करावा लागला, हे राज्य अजून विसरले नसावे. माहिती अधिकारात ‘सदर अभिलेख आढळून येत नाही’ हे उत्तर देणाऱ्याला आता ‘सर्व्हर बदलला तेव्हा डेटा मायग्रेट झाला नाही’ हे नवे वाक्य मिळाले आहे.

तिसरा आक्षेप खरा अडचणीचा आहे. मोठ्या कंपन्यांना हे परवडेल. पन्नास सदनिकांच्या सोसायटीने, खेड्यातल्या शाळेने, वाचनालयाने काय करायचे? राज्यात गृहनिर्माण सोसायट्याच लाखाच्या घरात आहेत. त्यांचा सचिव नोकरी सांभाळून काम करणारा रहिवासी असतो. सोसायटीचे हिशेब अकाउंटंटच्या टॅलीत, इतिवृत्ते माजी सचिवाच्या लॅपटॉपवर, पालिकेशी झालेला पत्रव्यवहार खजिनदाराच्या खासगी ईमेलवर, आणि पुनर्विकासाची बोलणी ग्रुपवर. समिती बदलली, त्यातून दोन गटांचे फाटले, की पासवर्ड हेच हत्यार होते. पण नीट पाहिले तर इथे लागणारे उपाय पैशाचे नाहीत. ईमेल खाते व्यक्तीच्या नावाने न काढता पदाच्या नावाने काढणे, पदभार देता-घेताना वह्यांच्या यादीत पासवर्ड आणि फोल्डरांचीही यादी जोडणे, मंजूर इतिवृत्ताची पीडीएफ त्याच दिवशी ठरलेल्या एका जागी ठेवणे, एक प्रत इमारतीबाहेर ठेवणे, आणि वार्षिक सभेपूर्वी त्या प्रतीतला एखादा जुना ठराव उघडून वाचून पाहणे. यातल्या शेवटच्या कामाला दहा मिनिटे लागतात आणि तेच कोणी करत नाही. त्यामुळे बॅकअप रिकामा आहे हे गरज पडेपर्यंत कळत नाही. उलट मोठ्या संस्थांचे दुखणे अधिक चिवट आहे, कारण तिथे प्रत्येक विभागाला आपला डेटा ही आपली जहागीर वाटते.

चौथा आक्षेप अनुभवी नोकरशहाचा: हे सगळे कायद्यात आधीच आहे, आणखी एक अधिकारी कशाला? आहेच. १९९३ च्या केंद्रीय सार्वजनिक अभिलेख कायद्याने संगणकातून निर्माण झालेली सामग्रीही अभिलेख मानली, आणि प्रत्येक अभिलेख निर्माण करणाऱ्या कार्यालयाला अभिलेख अधिकारी नेमायला सांगितले. महाराष्ट्राने २००५ मध्ये स्वतःचा कायदा केला. त्याच वर्षीच्या माहिती अधिकार कायद्याने अभिलेखांची सूची करून त्यांचे संगणकीकरण करणे हे प्रत्येक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले. म्हणून नवे पद मागण्याची गरज नाही. गरज आहे ती असलेल्या पदाला वजन देण्याची. आज अभिलेखांची जबाबदारी बहुधा ज्याला दुसरीकडे कुठे बसवायचे नाही अशा माणसाकडे येते, आणि सॉफ्टवेअर खरेदीच्या बैठकीत त्याला कोणी विचारत नाही. बैठकीत पडद्यावर रंगीत डॅशबोर्ड दाखवला जातो. करार संपल्यावर आमच्या नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळणार, हा प्रश्न विचारला जात नाही. तो करार पाच वर्षांनी संपतो, कंपनी नव्या दराची मागणी करते, आणि मजकूर तिच्याच साच्यात अडकलेला असल्याने संस्था मुकाट्याने ते दर देते.

यासाठी निविदेत चार ओळी पुरतात. नोंदी कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतील अशा खुल्या स्वरूपात, मराठी मजकूर युनिकोडमध्ये, फेरफाराच्या इतिहासासह, मागितल्यापासून ठरावीक दिवसांत परत द्याव्या लागतील. प्रत्येक प्रकारच्या नोंदीची मुदत प्रणालीतच लावता आली पाहिजे. मुदत संपलेली नोंद अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पुसली जाता कामा नये. आणि कामाचे शेवटचे बिल, परत आलेल्या नोंदींतली काही प्रकरणे उघडून तपासल्याचा अभिलेख अधिकाऱ्याचा सहीचा दाखला जोडल्याशिवाय निघू नये. या अटी घालायला नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या खरेदीच्या बैठकीची सूचना निघेल तेव्हा तिच्यावर अभिलेख अधिकाऱ्याचे नाव टाकले की झाले.